नडगी भरून आली म्हणून खो-खो सोडायचा नाही : एक प्रकरण

"मॅडम, 'आधी वजन कमी करा' एवढंच सांगणार असाल तर तुमचा वेळ नको घालवायला. ते मला तीन ठिकाणी सांगून झालंय."

मार्च 2025 च्या दुसऱ्या आठवड्यातली दुपार. ताई समोर बसल्या होत्या. दोन्ही पायांना घोट्यापासून गुडघ्याखालपर्यंत क्रेप बँडेज आवळलेलं, मांडीवर एक्स-रेचं मोठं पाकीट. मी फिजिओथेरपिस्ट आहे, पुण्यात काम करते, आणि असं वाक्य महिन्यातून दोन-तीनदा ऐकते. बहुतेक वेळा ते बोलून दाखवायचं धाडस नसतं, चेहऱ्यावर दिसतं. ताईंनी ते बोलून टाकलं, त्यामुळे आमची सुरुवात बरी झाली.

हे सगळं त्यांच्या परवानगीनं लिहितेय. ओळख पटेल असे काही तपशील बदलले आहेत, दुखण्याचा प्रवास मात्र आहे तसाच ठेवलाय.

वय 39. उंची 157 सेंटिमीटर, वजन 88 किलो, म्हणजे बीएमआय (उंचीच्या मानानं वजनाचं माप) 35.7. आपल्याकडे 25 च्या पुढे लठ्ठपणा धरतात, त्या मापानं बरंच जास्त. कोथरूडमध्ये त्यांचं पोळी-भाजी केंद्र आहे. पहाटे साडेचारला ओट्याशी उभ्या राहतात आणि दुपारी बाराच्या सुमारास टेकतात. हाताखाली दोघी आहेत, पण तव्यावरच्या पोळ्या त्यांच्याच. शहाबादी फरशी, अनवाणी पाय.

शाळेत असताना त्या खो-खो खेळायच्या, दहावीपर्यंत. मग बारावी, लग्न, लेक, केंद्र. 19 जानेवारीला दिल्लीत खो-खोच्या पहिल्या विश्वचषकाची अंतिम लढत झाली आणि आपल्या मुलींनी नेपाळला 78-40 असं हरवलं. तो सामना ताईंनी लेकीबरोबर पाहिला. कर्णधार प्रियांका इंगळेच्या हातात चषक गेला तेव्हा लेकीनं विचारलं, "आई, तू कुठल्या जागेवर बसायचीस?" मला हे सांगताना ताई थांबल्या, पाण्याचा घोट घेतला, आणि म्हणाल्या, "खांबाशेजारी. पहिली पाटी." फेब्रुवारीच्या पहिल्या सोमवारी सोसायटीतल्या सात-आठ जणी आणि त्यांच्या मुली जवळच्या मैदानावर जमल्या. खो-खोचे पहिले लिखित नियम ज्या शहरात डेक्कन जिमखान्यावर तयार झाले, तिथे चाळिशीच्या उंबरठ्यावरच्या बायका पुन्हा पाट्यांवर बसल्या याचा मला मनापासून आनंद आहे. पुढचं सगळं वाचताना हा आनंद धरून वाचावं.

रोज संध्याकाळी एक तास, आठवड्यातून सहा दिवस. पंचवीस वर्षांच्या खंडानंतर, शून्यावरून थेट सहा तास. त्याच सुमारास ताईंनी रात्रीचं जेवणही बंद केलं. खेळतेच आहे तर वजनही उतरू दे, असा विचार.

तिसऱ्या आठवड्यात उजवी नडगी दुखायला लागली. आधी खेळ सुरू केल्यावर पहिली दहा मिनिटं दुखायचं, अंग तापलं की थांबायचं, घरी आल्यावर पुन्हा ठणकायचं. नंतर डावीही. मार्च उजाडेपर्यंत खेळताना पूर्ण वेळ दुखायला लागलं, आणि पहाटे पलंगावरून उतरून मोरीपर्यंतची पहिली पावलं भिंतीला धरून टाकावी लागायची.

मधल्या काळात काय काय झालं ते त्यांच्याच क्रमानं सांगते. एका डॉक्टरांनी वेदनाशामक गोळ्या आणि वजन कमी करायचा सल्ला दिला. ताई गोळी खेळायच्या आधी घ्यायला लागल्या, म्हणजे तासभर कळायचं नाही. ओळखीच्या एका बाईंनी गरम तेलानं नडगीचं हाड रगडून दिलं, त्या रात्री झोप लागली नाही. एक्स-रे काढला, तो नॉर्मल आला. "नॉर्मल आहे म्हणजे मनाचे खेळ आहेत का?" असं त्यांनी मला विचारलं. नाहीत. अशा दुखण्यात एक्स-रे बहुधा नॉर्मलच येतो. हाडाला बारीक चीर गेली असली तरी पहिले दोन-तीन आठवडे ती एक्स-रेत दिसत नाही.

हाताखाली काय लागलं

बँडेज सोडलं. दोन्ही पोटऱ्यांवर पट्ट्यांचे वळ उठले होते. घोट्यांवर थोडी सूज, बोटानं दाबलं की खळगा पडणारी, दोन्हीकडे सारखी. सात तास उभं राहणाऱ्या बाईच्या पायाला दुपारी असते तशी. हे मी मुद्दाम पाहिलं. एकाच पोटरीला सूज, ऊब, लाली आणि दाबल्यावर दुखणं असतं तर मी व्यायामाचं नावही न काढता त्याच तासाला त्यांना इस्पितळात पाठवलं असतं. ते शिरेत रक्ताची गुठळी झाल्याचं लक्षण असू शकतं, आणि वजन जास्त असलेल्या माणसात ती शक्यता वाढते.

मग नडगीच्या हाडाची आतली कड. घोट्याच्या आतल्या उंचवट्यापासून अंगठा टेकवत वर सरकायचं, एकेक सेंटिमीटर. दुखायला लागलं की त्वचेवर बॉलपेननं आडवी रेघ, दुखायचं थांबलं की दुसरी रेघ, आणि मग शिंप्याच्या टेपनं मधलं अंतर. उजवीकडे 11 सेंटिमीटर, डावीकडे 7. हाडाच्या आतल्या-मागच्या कडेनं पसरलेलं, पाच सेंटिमीटरपेक्षा लांब दुखणं हे या आजाराचं ठरलेलं चित्र. त्याला मीडिअल टिबिअल स्ट्रेस सिंड्रोम म्हणतात, खेळाडूंच्या तोंडी शिन स्प्लिंट्स. मी शोधत होते ते वेगळंच काही: एका बोटाखाली मावेल एवढी जागा, जिथे दाबलं की माणूस पाय ओढून घेतो. ती सापडली असती तर हाडाला चीर असल्याचा संशय धरला असता. सापडली नाही. रात्री झोपेत ठणका नव्हता. मुंग्या, बधिरपणा नव्हता. खेळताना ठरावीक मिनिटाला नडगीची बाहेरची बाजू दगडासारखी ताठ होते आणि थांबलं की काही मिनिटांत मोकळी होते, असंही नव्हतं. तसं असतं तर स्नायूंच्या कप्प्यातल्या दाबाचा विचार करावा लागला असता, आणि त्याची वाट निराळी आहे.

ताकद पाहिली. भिंतीला बोटं टेकवून एका पायावर उभं राहायचं आणि टाच पूर्ण वर उचलायची. निरोगी प्रौढ माणसाकडून विसाच्या पुढे अपेक्षा असते. उजव्या पायावर 6, डाव्यावर 9. सातव्या वेळेला उजवी टाच अर्ध्यावर थरथरली आणि ताई म्हणाल्या, "एवढंच?" त्यांना स्वतःलाच धक्का बसला होता. घोटाही आखडलेला होता. भिंतीसमोर पाय ठेवून टाच न उचलता गुडघा भिंतीला टेकवायचा, तर अंगठा भिंतीपासून पाच सेंटिमीटरवर असतानाच टाच सुटत होती. उभं राहिल्यावर तळव्याची कमान बरीच खाली बसत होती.

त्यांच्या डॉक्टरांना चिठ्ठी देऊन रक्त तपासून घेतलं. हिमोग्लोबिन 10.2, ड जीवनसत्त्व 11. ड जीवनसत्त्व वीसच्या खाली गेलं की कमतरता धरतात. साखर आणि थायरॉइड ठीक, पाळी नियमित. पहाटे साडेचार ते दुपार ओट्यापाशी आणि मग संध्याकाळपर्यंत घरात. या बाईच्या अंगावर ऊन पडणार कधी? उपचार डॉक्टरांनी सुरू केले, लोहाच्या गोळ्या आणि ड जीवनसत्त्वाची आठवड्याची मात्रा.

वजनाचा खरा हिशेब

वजनाबद्दल बोलायला मी कचरत नाही. वजन जास्त असणं हा या दुखण्याचा अभ्यासांतून पुढे आलेला धोका आहे. बाई असणं, खेळाची सवय नसणं, कमान खाली बसणं, हेही आहेत. चालताना दर पावलाला जमिनीकडून शरीराच्या साधारण सव्वापट भार येतो, पळताना दुप्पट ते तिप्पट. 88 किलोच्या ताईंच्या एका पायावर पळताना दर पावलाला पावणेदोनशे ते अडीचशे किलोंच्या पुढे भार पडत होता. खो-खोमध्ये तर सरळ पळणं कमीच. पाटीवरून उकिडवं असताना उठायचं, दोन पावलांत वेग घ्यायचा, खांबाशी कच्चकन थांबून वळायचं. त्या थांबण्यात नडगीचं हाड वाकतं, डोळ्यांना न दिसेल इतकं थोडं, आणि पोटरीचा आतला स्नायू हाडाच्या त्याच कडेला ओढ देतो.

पण याचा अर्थ आधी बारीक व्हा, मग मैदानावर या, असा लावला की सगळं चुकतं. जड माणसाची हाडं आणि पोटऱ्या सहसा कमकुवत नसतात. रोज ते वजन वाहून ती घट्टच झालेली असतात. त्यांना सवय असते उभं राहण्याची. आदळण्याची आणि वळण्याची नसते. ती सवय लागते, फक्त तिला लागणारा वेळ आपल्याला कळत नाही. दम तीन आठवड्यांत सुधारतो. उत्साह पहिल्याच दिवशी येतो. हाड मात्र आपल्या चालीनं चालतं. नवा भार पडला की हाडात दुरुस्ती सुरू होते आणि ती रस्त्याच्या कामासारखी असते, आधी उकरायचं, मग भरायचं. उकरणं दोन-तीन आठवड्यांत होतं, भरायला तीनेक महिने लागतात. उकरलेल्या अवस्थेत वरून जड वाहतूक चालू ठेवली तर दुखणारच. ताईंचं दुखणं तिसऱ्या आठवड्यात सुरू झालं यात आश्चर्य नव्हतं.

आणि या दुरुस्तीला माल लागतो. रात्रीचं जेवण सोडून त्यांनी नेमका तोच तोडला होता. पहिल्या दिवशीचा माझा सर्वांत ठाम सल्ला हाच होता, की रात्री जेवा. दोन पोळ्या, वाटीभर उसळ, ताक. ताई माझ्याकडे बघतच राहिल्या. जाड बाईला जेवायला सांगणारी मी पहिलीच असेन.

ओट्यापासून मैदानापर्यंत

निदान तीन आठवडे पळणं बंद, पण मैदानावर जाणं बंद नाही. यावर मी हटून बसले. अशा माणसाला घरी पाठवलं की दुखणं थांबतं आणि माणूस परत येत नाही. ताईंनी शिट्टी घेतली, पंच झाल्या, मुलींना हूल कशी द्यायची ते उभ्याउभ्या दाखवायला लागल्या. दम टिकावा म्हणून टिळक टँकवर पोहायचं सुचवलं, त्यांनी स्वच्छ नकार दिला. पोहण्याच्या कपड्यांत चारचौघांत उतरायची तयारी नव्हती, आणि मी आग्रह केला नाही. डबे पोहोचवायची सायकल घरात होती, तीच संध्याकाळी अर्धा तास चालवायची ठरली. सायकलवर पाय आदळत नाही.

वेदनाशामक गोळी खेळाआधी घ्यायची नाही. दुखणं ही इथे आपल्याला मिळणारी एकमेव खबर आहे, तीच बंद करून कसं चालेल? बर्फ दहा-पंधरा मिनिटं चालेल, आराम वाटतो, त्यापलीकडे त्याच्याकडून अपेक्षा नको. हाडावर रगडणं कायमचं बंद. क्रेप बँडेजही काढून ठेवायला सांगितलं.

खरा भर पोटरीवर. पोटरीत दोन मोठे स्नायू. वरचा स्नायू गुडघा सरळ असताना जास्त काम करतो, आतला सपाट स्नायू गुडघा वाकलेला असतानाही राबतो, आणि नडगीच्या कडेला ओढ देणारा तोच. तो कसायचा तर बसून टाचा उचलायच्या, मांडीवर वजन घेऊन. माझ्याकडे यंत्र नाही आणि ताईंकडे जिमला जायला वेळ नाही. त्या म्हणाल्या, "कणकेची पिशवी चालेल?" दहा किलोची पिशवी. पहाटे कणीक भिजवून ठेवली की वीस मिनिटं मुरते, तेवढ्यात त्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसायच्या, पिशवी आडवी गुडघ्यांवर, आणि टाचा वर, दोन श्वास थांबून सावकाश खाली. पंधरा वेळा, तीनदा. पंधरवड्यानं एका पायावर सगळी पिशवी. पुढे दोन पिशव्या. उभ्यानं टाचा उचलणं ओट्याला धरून, आधी दोन्ही पायांवर, मग वर दोन्ही आणि खाली एक. हे दिवसाआड. रोज नको, स्नायूलाही सुट्टी लागते.

मी केंद्रात एकदा जाऊन आले. मला ती फरशी पाहायची होती. ओट्यासमोर जिथे त्या उभ्या राहतात तिथे दगड गुळगुळीत झाला होता, दोन पावलांएवढा. तिथे जाड रबरी मॅट टाकली आणि घरात घालायच्या जाड तळाच्या चपला घ्यायला लावल्या. ओट्याखाली एक पालथा डबा, त्यावर आळीपाळीनं एक पाय. याचा फरक नडगीपेक्षा कमरेला आणि घोट्याच्या सुजेला जास्त पडला.

बूट लक्ष्मी रोडवरून आणले, संध्याकाळी, पाय सुजलेले असताना. सकाळी घेतलेला बूट त्यांना संध्याकाळी आवळला असता. फेब्रुवारीत त्या लेकीच्या जुन्या सपाट कॅनव्हासवर खेळल्या होत्या. नवे घेताना दुकानदार उंच, गुबगुबीत तळाचे पळायचे बूट पुढे करत होता. सरळ पळणाऱ्या जड माणसाला ते बरे वाटतात, पण खो-खोत कडेला वळताना उंच तळावरून घोटा कलंडतो. मध्यम जाडीचा तळ, बोटांना रुंद जागा, टाच घट्ट, असे शोधले. कमानीला आधार म्हणून साधी तयार पट्टी आत घातली. महागडे सानुकूल तळ मी सुचवले नाहीत. तो पैसा कडधान्यावर आणि दुधावर जावा असं मला वाटतं.

एप्रिलच्या मध्याला चालताना आणि पहाटेच्या पहिल्या पावलांना दुखणं थांबलं. मग पळणं. अर्धा मिनिट हळू पळायचं, दीड मिनिट चालायचं, असं आठ वेळा, आठवड्यातून तीन दिवस, मध्ये एक दिवस मोकळा. पावलं छोटी आणि भराभर. लांब टांग टाकली की पाय शरीराच्या पुढे आदळतो आणि नडगीवर झटका वाढतो. दर मिनिटाला पावलं थोडी वाढवली की टांग आपोआप आखडते. ताईंनी त्यासाठी अभंगाचा ठेका धरला, तोंडात नाव आणि पायात ताल, मला मोजून द्यावं लागलं नाही.

दुखण्याचा नियम एकच दिला. खेळताना दहापैकी तीनपर्यंत दुखलं तर चालेल. दुसऱ्या दिवशी पहाटे मोरीपर्यंत जाताना ते कालच्या पहाटेपेक्षा जास्त नसावं. जास्त असेल तर त्या दिवशी सुट्टी आणि पुढच्या वेळी एक पायरी मागे. डब्यांच्या हिशेबाच्या वहीत मागच्या पानांवर त्यांनी तारखा घातल्या, पुढे 'पहाट' असा रकाना, त्यात आकडा.

मे महिन्यात सरळ पळण्यात वळणं आली. मग पाटीवर बसून उठणं, आधी पाच वेळा, मग दहा. आम्ही किलोमीटर मोजलेच नाहीत, 'खो' मोजले. एका संध्याकाळी किती 'खो' मिळाले आणि किती वेळा खांबाशी वळल्या, बस्स. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात संध्याकाळी पंधरा 'खो', दुखणं एक किंवा शून्य, बॉलपेनची रेघ उजवीकडे तीन सेंटिमीटर. मी खूश होते.

जूनमध्ये माझं चुकलं

पालख्या पुण्यात आल्या. ज्ञानोबांची भवानी पेठेत, तुकोबांची नाना पेठेत, दोन रात्री. ताईंचं भजनी मंडळ दरवर्षी एका दिंडीला पोळ्या करून देतं, हे मला माहीत नव्हतं. मी कधी विचारलंच नव्हतं. दोन दिवस त्या पेठेतल्या एका वाड्यात चुलीपुढे उभ्या होत्या, दगडावर, अनवाणी, दिवसाला चौदा-चौदा तास. तिसऱ्या पहाटे पालखीबरोबर हडपसरपर्यंत चालत गेल्या. तिथे दोन्ही पालख्यांच्या वाटा फुटतात, माऊली दिवे घाटाकडे वळतात आणि तुकोबा लोणी काळभोरच्या रस्त्याला लागतात. तिथून त्या बसनं परत आल्या. आणि दुसऱ्याच संध्याकाळी, मी दिलेल्या कागदावर वार खेळायचा होता म्हणून, मैदानावर जाऊन वीस 'खो' खेळल्या.

शुक्रवारी माझ्यासमोर होत्या तेव्हा दुखणं सहा होतं. रेघ तीनवरून नऊ सेंटिमीटरवर गेलेली. आणि या वेळी त्या नऊ सेंटिमीटरमध्ये एक जागा अशी होती की अंगठा टेकवताच त्यांनी पाय मागे घेतला.

कागदावर मी खेळाचा भार लिहिला होता, जगण्याचा नाही. हाडाला दोन्ही सारखेच. त्या आठवड्यातलं उभं राहणं, चालणं आणि अपुरी झोप मिळूनच तो वीस 'खो'चा दिवस जड झाला. ताई पुन्हापुन्हा "माझंच चुकलं" म्हणत होत्या. त्यांचं चुकलं नव्हतं. त्यांनी कागद पाळला होता आणि तो कागद माझा होता.

एका बोटाखालची ती जागा मी अंदाजावर सोडली नाही. अस्थिरोगतज्ज्ञांकडे पाठवलं, एमआरआय झाला. हाडाच्या वेष्टनाला सूज होती, हाडात चीर नव्हती. म्हणजे आम्ही वेळेत थांबलो होतो. तीन आठवडे पुन्हा सायकल आणि कणकेची पिशवी. जुलैत पावसानं मैदानाचा चिखल झाला होता, त्यामुळे ताईंना ते तितकं जड गेलं नाही.

त्यानंतर वहीत एक नवा रकाना आला, 'उभं'. त्या दिवशी किती तास उभ्या होत्या. आठ तासांच्या वर गेलं की त्या संध्याकाळी पळणं नाही, कागदावर काहीही लिहिलेलं असो. गणपतीचे दहा दिवस आम्ही आधीच कोरे सोडले. उकडीच्या मोदकांच्या ऑर्डरी असतात, आणि मोदक वळायला बसता येतं हे खरं, पण गौरीच्या जेवणाच्या दिवशी बसायला कुणाला मिळतं?

ऑक्टोबर

6 ऑक्टोबरला कोजागरी. रात्री आठला मैदानावर दिवे लावून सामना, आया विरुद्ध मुली. नऊ मिनिटांचा डाव. ताई खांबाशेजारच्या पहिल्या पाटीवर बसल्या. मी दुधाचा पेला हातात धरून कडेला उभी होते आणि दुधावर साय धरली तरी मला कळलं नाही. त्यांनी दोघींना बाद केलं, त्यातली एक त्यांची स्वतःची लेक.

पुढच्या आठवड्यात तपासलं. टाच उचलणं उजवीकडे 19, डावीकडे 21. गुडघा भिंतीला टेकताना अंगठ्याचं अंतर नऊ सेंटिमीटर. हिमोग्लोबिन 12.1, ड जीवनसत्त्व 34. उजवीकडे रेघ नाही, डावीकडे दोन सेंटिमीटर शिल्लक, लागोपाठ दोन दिवस खेळल्या की दुखते. वजन साडेपंच्याऐंशी. सात महिन्यांत अडीच किलो, आणि दुखणं गेलंय ते या अडीच किलोंमुळे नाही, हे मी त्यांना स्पष्ट सांगितलं. त्यांना खांबावर झेप घ्यायची आहे. ती मात्र अजून नाही म्हटलं, मनगट आणि खांद्याची तयारी झालेली नाही. त्या थोड्या नाराज झाल्या.

निघताना बाहेर बाकावर बसलेल्या मैत्रिणीला त्यांनी आत बोलावलं. त्याच गटातल्या, वजन त्यांच्याहून जास्त, एकाच पायाला बँडेज. "हिचंही तसंच आहे, मी रेघ काढून आणलीय, पिशवीपण चालू केलीय," ताई म्हणाल्या. रेघ नीट काढलेली होती. मी अंगठा फिरवला. आतल्या कडेला काहीच दुखत नव्हतं. दुखत होतं हाडाच्या पुढच्या धारेवर, मध्यावर, एका बोटाखाली, आणि हो, रात्रीही ठणकतं म्हणाल्या. पुढच्या धारेवरची चीर भरायला हट्टी असते आणि दुर्लक्ष झालं तर हाड पूर्ण मोडू शकतं. कणकेची पिशवी त्या दिवसापासून बंद करायला सांगितली, कुबडी दिली, आणि एमआरआयची चिठ्ठी लिहून दोघींना रिक्षात बसवलं.